डोक्याला मार बसलेला माणूस घरी आल्यावर

वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी बहुधा एकाच वाक्यावर संपते: 'गंभीर जखमी दुचाकीस्वारावर गोमेकॉत उपचार सुरू आहेत.' गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. दुसऱ्या दिवशी दुसरं वळण, दुसरी स्कूटर, वाक्य तेच. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. आपल्या एवढ्याशा गोव्यात वर्षाला दोनशेहून जास्त जण रस्त्यावर मरतात. गेलेल्यांची मोजदाद होते, फोटो छापून येतात. ज्यांच्या डोक्याला मार बसला आणि जे वाचले, त्यांचं पुढे काय झालं हे मात्र त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असतं.

आमच्या घरावर ही पाळी तीन वर्षांपूर्वी जुलैत आली. दादा डिचोलीहून घरी येताना पावसात स्कूटरवरून घसरला. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. बाविसाव्या दिवशी त्याने डोळे उघडून वहिनीकडे बघितलं, तेव्हा आईने हात जोडले आणि म्हणाली, "देव पावलो." आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. खरं काम त्या दिवशी सुरू झालं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी ते आमच्या कानात शिरलं नसतं.

मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते वर्गात सांगावं तसं इथे सांगते आहे.

### मार बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूचं वजन साधारण १ किलो ४०० ग्रॅम. हाताला तो लोण्यासारखा मऊ लागतो. कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तो तरंगत असतो. एरवी ही व्यवस्था उत्तम, पण वेगात जाणारी स्कूटर एकदम थांबली की घोटाळा होतो. गच्च भरलेल्या कदंब बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर काय होतं ते आठवा. बस थांबते, उभी माणसं पुढे जातात, मग मागे आदळतात, आणि ज्याने दांडी धरलेली असते तो जागच्या जागी गर्रकन फिरतो. मेंदूचं तसंच होतं. पुढे आपटतो, मागे आपटतो आणि स्वतःभोवती पिळवटतो. कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो, त्यामुळे मार मागून बसला तरी इजा पुष्कळदा पुढे सापडते.

हा झाला पहिला घाव. दुसरा घाव पुढच्या तासांत आणि दिवसांत होतो. मेंदूला सूज येते, कधी रक्त साकळतं, आणि कवटी काही ताणत नाही. आंबोळीचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवलं तर फुगलेल्या पिठाला जायला जागा नसते. डोक्यात असा दाब वाढला की मेंदूला रक्तच पोहोचेनासं होतं. म्हणून कधी कधी सर्जन झाकणच काढतात, म्हणजे कवटीच्या हाडाचा एक तुकडा कापून बाजूला ठेवतात आणि सूज उतरल्यावर काही महिन्यांनी परत बसवतात. तोवर तो खास फ्रीजरमध्ये किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली राहतो. दादाचं हाड चार महिने त्याच्या पोटात होतं. भाच्याने शाळेत हे सांगितलं तर बाईंनी त्याला खोटं बोलतोस म्हणून बाकावर उभं केलं.

आयसीयूच्या बाहेर एक आकडा सारखा कानावर पडतो: "आज स्कोअर सहा आहे." ही ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये बसवलेली मोजपट्टी. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. या परीक्षेत शून्य नसतं, सगळ्यात कमी गुण ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. पण हा आकडा त्या दिवशीची शुद्ध किती ते सांगतो. माणूस पुढच्या वर्षी कसा असेल, याचा तो निकाल नाही. आम्ही तो निकालासारखाच धरून बसलो होतो.

### "स्कॅन तर नॉर्मल आला, मग हा असा का?"

सूज उतरल्यानंतरच्या स्कॅनवरून हा प्रश्न आमच्या घरी शंभरदा विचारला गेला असेल. त्याचं उत्तर मला मांडवीवर सापडलं.

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. मी तेव्हा लहान होते, पण घरातली हळहळ आठवते. विचार करा, त्या दिवशी आकाशातून फोटो काढला असता तर काय दिसलं असतं? पणजी जागेवर होती. पलीकडे बेती, पर्वरी, म्हापसा सगळं जागेवर. दुकानं शाबूत, कचेऱ्या शाबूत. तरी पर्वरीचा माणूस वेळेवर पणजीला पोहोचत नव्हता.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांना जोडणारे बारीक, लांब तंतू. मेंदू पिळवटला की हे तंतू जागोजागी ताणले जातात, तुटतात. गावं राहतात, पूल जातात. सीटी स्कॅनमध्ये रक्त साकळलेलं दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. इतके सूक्ष्म तंतू दिसत नाहीत. एमआरआयमध्ये थोडं अधिक दिसतं, पण तेही सगळं नाही. म्हणून 'स्कॅन नॉर्मल' याचा अर्थ आता ऑपरेशन करावं असं काही दिसत नाही, एवढाच घ्यावा.

पूल पडल्यावर लोकांनी काय केलं, त्यातच पुढची गोष्ट आहे. बेतीच्या फेरीबोटींवर रांगा लागल्या. काहींनी लांबचे वळसे घेतले. कामं होत राहिली. उशिरा, धापा टाकत, पण होत राहिली. नवा पूल व्हायला वर्षं गेली. मेंदूही असंच करतो. मेलेली चेतापेशी सहसा परत येत नाही, पण शाबूत पेशी आपसात नवे फाटे फोडतात, आडवाटा रुंद करतात. मेंदूच्या या गुणाला लवचीकता म्हणतात. त्यात एक मेख आहे. वाट वापरली तरच रुंद होते. हात हलवायचा सराव केला तर हाताची वाट होते. माणसाला नुसतं खाटेवर निजवून 'विश्रांती' दिली तर निजायचीच वाट रुंद होते.

### डोळे उघडले, आता तो बोलेल ना?

सिनेमात नायक डोळे उघडतो आणि पुढच्याच वाक्यात नायिकेचं नाव घेतो. खऱ्या घरात शुद्ध दिवा लावल्यासारखी येत नाही, श्रावणातल्या पहाटेसारखी येते. उजाडलं की नाही हेच कळत नाही, मध्येच पुन्हा अंधारून येतं.

डोळे उघडल्यानंतर एक विचित्र काळ असतो. माणूस जागा असतो, बोलतोही, पण दिवसभरातलं काहीच त्याच्या मनावर उमटत नाही. पाटीवर लिहावं आणि मागून कुणीतरी पुसत जावं, तसं. डॉक्टर या काळाची लांबी विचारतात, कारण इजा किती खोल आहे हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. आठवड्याहून लांबला तर इजा गंभीर धरतात. दादाचा हा काळ पाच आठवडे चालला. त्यात त्याने नाकातली नळी दोनदा ओढून काढली, आईला शिव्या दिल्या, आणि सकाळीच ऑफिसला जाऊन आलो असं शपथेवर सांगितलं. याला खोटं बोलणं म्हणू नये. आठवणीत भगदाड पडलं की मेंदू जुन्या तुकड्यांनी ते बुजवतो, आणि ते ठिगळ माणसाला स्वतःला खरंच वाटतं. वाद घालून काही निघत नाही. "हो का? बरं, आता आपण पेज खाऊया," इतकंच पुरे.

या काळात भेटायला आलेला प्रत्येक जण एकच चूक करतो. खाटेशी वाकून विचारतो, "मला ओळखलंस? सांग बघू मी कोण?" मीही केली. आधीच गोंधळलेल्या माणसाची ही तोंडी परीक्षा, दिवसातून दहा वेळा, आणि दर वेळी नापास. त्याऐवजी आपणच सांगावं: "मी तुझी बहीण. आज बुधवार. तू स्कूटरवरून पडलास, आता घरी आहेस." तेच शब्द, रोज. भिंतीवर मोठं कॅलेंडर, मोठं घड्याळ, एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद. आम्हाला पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याचा फार उपयोग झाला. सकाळी पों पों वाजलं की वहिनी म्हणायची, "पोदेर आला, सकाळ झाली." महिन्याभराने तेच दादा म्हणू लागला.

भाषेचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती भानगड मोठी आहे. आम्ही घरात बोलतो कोकणी, वाचतो-लिहितो मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. मेंदूला इजा झाल्यावर या सगळ्या भाषा एकाच वेळी परततील असं नाही. कधी लहानपणची आधी येते, कधी रोजच्या वापरातली, आणि यात ठाम नियम नाही. दादाचा पहिला शब्द होता कोकणीतला 'उदक', म्हणजे पाणी. पुढे एका ठिकाणी व्यायाम करून घेणारा मुलगा त्याला "हाथ उठाओ, हाथ उठाओ" म्हणत होता आणि दादा ढिम्म. त्याने वहीत लिहून टाकलं, आज्ञा पाळत नाही. वहिनी पुढे झाली, म्हणाली, "हात उखल," आणि हात वर! थेरपी कुठल्या भाषेत चालली आहे, हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं.

### पाणी का देऊ नको म्हणतात?

गंभीर इजेनंतर गिळण्याचे स्नायू आणि त्यांचा ताल बिघडतो. अशा वेळी सगळ्यात धोक्याचं असतं साधं पाणी. ते झटकन उतरतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू शकतं. त्यातून न्यूमोनिया होतो. दाट पेज सावकाश सरकते, म्हणून बऱ्याच जणांना ती आधी जमते. पण काय आणि कधी द्यायचं हे गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टलाच ठरवू द्यावं. "दोन घोट सोलकढीने काय होतंय," म्हणणाऱ्या मावशीला नव्हे. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा. खाटेवरच असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. सांधे रोज हलवावेत, एकदा आखडले की सोडवायला महिने जातात.

### "हा आमचा दादा नव्हे"

चालता येऊ लागलं की शेजारपाजारचे म्हणतात, "बरो जालो मरे!" घरात मात्र खरा कठीण काळ तेव्हाच सुरू होतो.

दादा शांत माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. पडल्यानंतरच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याने भरल्या घरात, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, काकांना तोंडावर सांगितलं की तुम्ही जमिनीच्या वाटणीत लबाडी केलीत. (केली होती, पण तो मुद्दा नाही.) दुसऱ्या एका घरी, मयताच्या बैठकीत, तो मोठ्याने हसला. वहिनी त्या रात्री मला म्हणाली, "माणूस परत आला, पण हा माझा माणूस नाही."

कपाळामागच्या मेंदूचं काम समजून घेण्यासाठी मांडवीतल्या चोडण-दिवाडी बेटांवरच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात चला. खाजनाच्या बांदाला एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीला खारं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. शेत पिकतं ते या दाराच्या जोरावर. आपल्या सगळ्यांच्या मनातही रोज खारं पाणी चढत असतं. काकांबद्दल जे दादाच्या मनात होतं ते आमच्याही होतंच, फक्त आमचं दार वेळेवर मिटलं. कपाळामागचा भाग म्हणजे हे दार. ते मोडलं की राग, हसू, वासना, खरेदीची हौस, सगळं थेट आत शिरतं. शेताचा त्यात काय दोष?

विज्ञानात याचं सगळ्यात जुनं आणि गाजलेलं उदाहरण फिनिअस गेजचं. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालाखालून मीटरभर लांब, सहा किलोंची लोखंडी पहार शिरून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला. पण शिस्तीचा, भरवशाचा गेज उर्मट आणि चंचल झाला, आणि हा आता तो गेज नव्हे, असं त्याचेच दोस्त म्हणू लागले. पुस्तकांत गोष्ट इथेच संपवतात. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: काही वर्षांनी गेज चिलीला गेला आणि तिथे त्याने कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, रोज तेच काम. बाहेरची शिस्त घट्ट असली की आतल्या मोडक्या दाराला आधार मिळतो. वेळापत्रक, तीच जागा, तोच क्रम, हे सगळे मानसाला लावलेले टेकू आहेत.

मोडक्या दाराची दुसरी बाजू लोकांना कमी कळते. कधी दार उघडंच राहत नाही, कायमचं मिटतं. दादा न्हाणीघरात साबण हातात घेऊन अर्धा तास बसून असायचा. अंग घासता येत होतं, कळतही होतं, पण सुरुवात होत नव्हती. आई म्हणायची, आळशी झालाय. यात आळसाचा संबंध नाही, गाडीचा स्टार्टर गेला आहे. "दादा, आता डावा हात घास," एवढं म्हटलं की पुढचं सगळं तोच करायचा. नुसतं "आंघोळ कर" म्हणून उपयोग नाही, कारण आंघोळ हे एक काम नसून पंधरा कामांची माळ आहे. आम्ही ती माळ कागदावर लिहून न्हाणीघरात प्लास्टिकमध्ये चिकटवली.

तिसरी गंमत, तिला गंमत म्हणायचं तर. त्याला स्वतःला काही झालंय असं वाटतच नव्हतं. "मी ठीक आहे, तुम्हीच सगळे वेडे झालात." लोक याला हट्ट म्हणतात. पण स्वतःकडे बघणारा आरसाच फुटला असेल तर माणसाला आपला चेहरा दिसणार कुठून? समजावून काही होत नाही. सुरक्षित राहील अशा बेताने त्याला करून बघू द्यावं, चुकू द्यावं, आणि नंतर शांतपणे दोघांनी मिळून बघावं.

### "सकाळी करतो, संध्याकाळी करत नाही, म्हणजे मुद्दाम!"

एप्रिल-मेमधली गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला तासभर पाणी, टाकी अर्धी भरते. सकाळी कुणी गाडी धुतली तर संध्याकाळी भांड्यांना पाणी नाही. इजा झालेल्या मेंदूची टाकी रोज अर्धीच भरते, आणि त्याला प्रत्येक कामाला पाणी जास्त लागतं, कारण तो वळशाच्या रस्त्याने जातो. सकाळी दोन पाहुणे, दुपारी फिजिओ, मग संध्याकाळी त्याला बोलता येत नाही. यात नाटक नाही. अवघड काम सकाळी ठेवावं, मध्ये झोप, आणि गोंगाट टाळावा. शिगम्याचे ढोल, लग्नातला डीजे, चवथीची पन्नास माणसं, यांतला आवाज आपला मेंदू आपोआप गाळतो, त्याचा गाळत नाही. आम्ही पुढच्या चवथीला त्याच्यासाठी मागची खोली रिकामी ठेवली. तो दर वीस मिनिटांनी उठून तिथे जाऊन बसायचा. काकांशी भांडण झालं नाही.

### सहा महिने झाले, आता जेवढं झालं तेवढंच?

हे वाक्य आम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यात अर्धं सत्य आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, कारण तेव्हा सूज उतरत असते आणि बधिर झालेले भाग जागे होत असतात. पुढे वेग मंदावतो, पण गंभीर इजेतही दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही माणसं नव्या गोष्टी शिकत राहतात. पहिली सुधारणा पूर ओसरल्यासारखी असते, नंतरची चिखल उपसल्यासारखी. ती आपोआप होत नाही.

इथे घरच्यांची माया आडवी येते. बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात, आपण वीस सेकंदांत लावतो. मग आपणच लावतो, आणि त्याची वाट बुजते. वहिनीने खुर्ची ओढून समोर बसायचं आणि हात पदराखाली ठेवायचे असं ठरवलं. मला ते बघवत नसे. दुसरीकडे, आठवण पार कच्ची असलेल्या माणसाला चुका करत करत शिकू द्यावं हेही बरोबर नाही, कारण चूक झाली हे तो विसरतो आणि चूक तेवढी मुरते. नवी गोष्ट शिकवताना आधी हाताला धरून बिनचूक करून घ्यावी आणि मग आधार हळूहळू कमी करावा.

शिवाय आठवणीही एका जातीच्या नसतात. काल काय जेवलो ही एक, आणि सायकल कशी चालवायची ही दुसरी, आणि त्या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. दादा लहानपणापासून आरतीला घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, वाजवायचा. पडल्यानंतर दहाव्या महिन्यात त्याला कुणीतरी घुमट हातात दिलं. सकाळचा नाश्ता न आठवणाऱ्या माणसाने अख्खी आरती एक ठोकाही न चुकता वाजवली. आम्ही रडलो, आणि दुसऱ्या दिवशी आता बाकीचंही सगळं येईल म्हणून वाट बघत बसलो. तसं झालं नाही. पण घुमटाच्या निमित्ताने तो अर्धा तास ताठ बसू लागला, आणि दोन्ही हात वापरू लागला.

### मेंदूची काही गोळी नाही का?

मेंदूचं टॉनिक म्हणून सिटिकोलिन आपल्याकडे भरपूर लिहून दिलं जातं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १,२१३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: तीन महिने घेऊनही, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्याच वर्षी १८४ रुग्णांवरच्या चाचणीत अमँटाडिन या जुन्या औषधाने, शुद्ध नीट न आलेल्या रुग्णांत, घेत असेपर्यंत सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. थांबवल्यावर वेग कमी झाला. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी मात्र मनाने कधीच बंद करू नये. मूळ पेशींच्या (स्टेम सेल) लाखो रुपयांच्या इंजेक्शनांच्या जाहिराती येतात. मेंदूच्या इजेवर ती चालतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आईने देवळात कौल लावला होता, उजवा मिळाला. त्याने आईला झोप लागू लागली, आणि त्या घरात कुणाला तरी झोप लागणं गरजेचंच होतं.

स्कूटरची चावी आम्ही दोन वर्षं लपवून ठेवली. फिट, मंद प्रतिक्रिया आणि एका बाजूचं न दिसणं, तिन्ही तपासून डॉक्टर लेखी 'हो' म्हणेपर्यंत गाडी नाही. फेणीही नाही. इजा झालेल्या मेंदूला थोडीही लवकर चढते आणि फिटचा धोका वाढतो.

### कागदपत्रं

थोडक्यात सांगते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचं नूतनीकरण राहिलं असेल तर आजच करा. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा रुग्ण आयसीयूत असतानाच वकील गाठा, आणि 'चालता येतं' म्हणून दावा लहान करू नका. आठवण आणि वागणूक यांची तपासणी करून तिचा अहवाल जोडा. नोकरी सरकारी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचा: सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात आणि घर-जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. एक जण सही करण्याच्या अवस्थेत नसेल तर पुढे सगळं अडतं. आणि ज्याचं दार मोडलं आहे त्याच्या हातात यूपीआय असलेला मोबाइल देताना दहा वेळा विचार करा.

### आणि वहिनीचं?

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात एका दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस समोर बसलेला आहे आणि तरी हरवलेला आहे. मयत झालं तर बारावं असतं, लोक येतात, रडायला जागा असते. इथे लोक पेढे मागतात. वहिनीने पहिलं दीड वर्ष एकही अश्रू काढला नाही. मग एके दिवशी बांगड्याच्या हुमणात मीठ जास्त पडलं एवढ्यावरून तासभर रडली. सांभाळणाऱ्या माणसाला झोप न लागणं, चिडणं, 'हा गेला असता तर' असं क्षणभर मनात येऊन मग स्वतःची लाज वाटणं, हे पुष्कळ घरांत होतं. त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यात काही गैर नाही. रुग्णाला तिथेच न्यायचं असतं, तेव्हा आपणही दहा मिनिटं मागून घ्यावीत.

नातेवाईक म्हणतात, "काही लागलं तर सांगा." सांगत कुणी नाही. मदत करायची तर वार आणि वेळ घेऊन यावं. आमच्या शेजारचा एक तरुण पहिल्या वर्षापासून दर बुधवारी संध्याकाळी चार वाजता येतो, दादाला हाताला धरून देवळाच्या पारापर्यंत नेतो आणि सहाला परत आणतो. ते दोन तास वहिनी झोपते, नाहीतर बाजारात जाते. दादा त्याला अजूनही त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतो. तो ओ देतो.